गौसभाईचा खाकी कोट

आमच्या गल्लीत गौसभाईंना गौस म्हणणारं माणूस शोधून सापडायचं नाही. सगळ्यांचे साहेब. दूधवाला साहेब म्हणतो, मशिदीत शेजारी बसणारा साहेब म्हणतो, रेशनवाला तर "साहेब, तुमचा अंगठा उमटंना बघा" म्हणून वर दात काढतो. आता साहेब म्हटलं की तुम्हाला वाटेल, कुठं कलेक्टर कचेरीत होते की काय. कसलं काय! उभी हयात सूत रंगवायच्या कारखान्यात गेली. उकळत्या हौदाच्या काठावर उभं राहून सुताच्या लडी खालीवर करायच्या, आज लाल, उद्या हिरवा. हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. काम सुटून इतकी वर्षं झाली तरी नखांच्या कडेनं रंग आहेच, आणि बोटांचे ठसे त्या हौदांनी खाल्ले म्हणून अंगठा उमटत नाही.

साहेब हे नाव पडलं बारा जानेवारीपायी.

सोलापुरावर इंग्रजांनी मार्शल लॉ लावला होता, हे बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं. हल्ली गावातल्या पोरांनाही सांगावं लागतं म्हणा. एकोणीसशे तीस सालची गोष्ट. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की गुन्हा, हातात तिरंगा दिसला की गुन्हा. पुढच्या जानेवारीत, बारा तारखेला, ह्याच गावच्या चौघांना फाशी दिलं. त्यांचे पुतळे चौकात आहेत. दरवर्षी त्या दिवशी हार पडतात, भाषणं होतात आणि आमच्या गल्लीचं मंडळ चित्ररथ काढतं. चित्ररथ म्हणजे दुसरं काही नाही, माझा टेम्पो. एरवी त्यात चादरींचे गठ्ठे असतात. त्या दिवशी मागं फळ्या टाकायच्या, झेंडूच्या माळा सोडायच्या, की झाला रथ.

रथावर दोनच माणसं. एक खाकी कोट, टोप आणि हातात छडी असलेला गोरा साहेब. दुसरा पांढऱ्या टोपीतला आपला माणूस. साहेबानं छडीनं टोपी उडवायची, त्यानं वाकून उचलायची, झटकायची, पुन्हा डोक्यावर ठेवायची. साहेबानं पुन्हा उडवायची. बोलायचं काही नाही. गल्लीपासनं चौकापर्यंत एवढंच. टोपी पडली की लोक गप्प, टोपी डोक्यावर चढली की टाळ्या. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला पोरं "साहेब, चले जाव" करून साहेबावर बोराच्या बिया मारणार. संक्रांतीच्या तोंडावर गावात बोरं मुबलक. चार दिवस आधीपासनं पोरं बिया साठवतात, थुंकून टाकत नाहीत. कुणी शिकवलं, कधी सुरू झालं, देवाला ठाऊक. पण आता ती रीतच झाली.

टोपीवाला होता हिंदुराव. मोहोळकडचा, माझ्याच भावकीतला, मार्केट यार्डात हमाल. आणि साहेब हे आपले गौसभाई. रंगानं गोरेपान, डोळे घारे, उंची दाराला लागंल अशी. मंडळानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्याकडं बघूनच ठरलं होतं. अडचण फक्त हातांची. लाल-निळ्या हातांचा इंग्रज कुठनं आणायचा? मग पांढरे हातमोजे आणले. चाळीसेक वर्षं तेच चाललं.

एक सांगू का? ह्या चाळीस वर्षांत मी तो देखावा समोरनं एकदाही बघितलेला नाही. गाडी मीच चालवणार. मला दिसायचा आरशात साहेबाचा एक खांदा, छडीचं टोक आणि बाकी सगळे लोकांचे चेहरे. टोपी पडली की चढली, हे मी लोकांच्या तोंडावरनं ओळखायचो. त्यात कधी चूक झाली नाही.

छडी चालवावी तर गौसभाईंनीच. नुसती टोपी उडायची, हिंदुरावच्या केसालासुद्धा धक्का लागायचा नाही. लोक म्हणायचे, काय सराव आहे! सराव कसला डोंबलाचा, त्यामागं त्यांच्या अब्बांचा डोळा आहे. ते गौसभाईंनी मला एकदाच सांगितलं. अब्बांचं नाव बंदेनवाज. मार्शल लॉ लागला तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. वेशीपाशी गोऱ्या शिपायानं दरडावलं, टोपी काढ. ह्यांनी काढली, कमरेला खोचली, चार पावलं पुढं गेले आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा घातली. पोरबुद्धी म्हणा, नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा. शिपायानं छडी घातली ती डोळ्यावर बसली. डावा डोळा गेला तो गेलाच. त्याचा त्यांनी कधी गवगवा केला नाही, कुठं नाव लागलं नाही, लावूनही घेतलं नाही. एका डोळ्यानं हातमागावर चादरी विणत म्हातारे झाले.

गौसभाई पहिल्यांदा साहेब झाले तेव्हा अब्बा हयात होते. कोपऱ्यावर उभं राहून त्यांनी सगळं बघितलं. पोटच्या पोरानं इंग्रजाचा कोट घातलेला, हातात छडी. घरी आल्यावर गौसभाई मान खाली घालून बसले, आता ऐकून घ्यायचं म्हणून. म्हातारा एवढंच बोलला, "छडी जरा वर धरत जा. डोळ्याला लागते." बाकी त्या विषयावर मरेपर्यंत अक्षर नाही.

म्हणून छडी वर असायची.

भाभी, म्हणजे गौसभाईंच्या इमामबी, मिरवणूक बघायला कधीही आल्या नाहीत. माझ्या माणसाला गाव मारतं, ते काय हौसेनं बघायचं, असं त्यांचं म्हणणं. ह्यांनी संध्याकाळी घरी जायचं, दारातच कोट काढायचा आणि भाभींनी तो अंगणात झटकायचा. खिशातनं, कॉलरमधनं, बाह्यांच्या दुमडीतनं बिया टपाटपा पडायच्या. मग झाडू घेऊन त्या पुटपुटणार. हासुद्धा बारा जानेवारीचाच भाग होता. मी चहाला तिथंच असायचो, मला पाठ आहे.

गेल्या श्रावणात हिंदुराव गेला. कसला आजार नाही, काही नाही, पोत्यावर पाठ टेकली ती टेकली. गौसभाई कब्रस्तान-स्मशान असं काही न बघता शेवटपर्यंत बरोबर चालले. त्यानंतर माणूस जरा खचलाच. गुडघे आधीच गेलेले, त्यात बोलणंही कमी झालं. संध्याकाळी माझ्या टेम्पोच्या पायरीवर येऊन बसायचे आणि रस्त्याकडं बघत राहायचे.

डिसेंबरात असेच बसले होते. म्हणाले, मला कंटाळा आला, अभिमन्यू. मी म्हटलं, कशाचा? तर म्हणाले, साहेब व्हायचा. चाळीस वर्षं शिव्या खाल्ल्या, बिया खाल्ल्या, गमतीच्या का असेनात. लहान पोरं मला बघून आईच्या मागं लपतात. मग बोलले, "हिंदुरावच्या जागी यंदा मी उभा राहतो. एकदा तरी अब्बाच्या बाजूला उभं राहू दे मला. फुडच्या वर्षी गुडघं वाकतील का न्हाय, काय सांगावं."

चाळीस वर्षं ह्या माणसाच्या मनात हे होतं आणि मी पुढं बसून हॉर्न वाजवत होतो.

मंडळ आता हिंदुरावच्या पोराच्या हातात आहे. सोमेश. इन्शुरन्सच्या हापिसात असतो, पोरगा वाईट नाही, पण बापावर गेलाय, हट्टी. तो म्हणाला, बाबांची जागा माझी आहे, टोपी मीच घालणार. आणि चाचा, तुमच्यासारखा साहेब आम्ही आणायचा कुठनं? त्याचंही काय चुकलं? बाप जाऊन सहा महिने झाले नव्हते. गौसभाई लगेच म्हणाले, बरोबर आहे बाबा तुझं, आणि उठायला लागले. भिंतीला धरून उठले. ते बघून माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, सोमेश, तुझ्यापुढं सगळं आयुष्य पडलंय टोपी घालायला. ह्या माणसाला एक वर्ष देणार नसशील तर टेम्पो मिळायचा नाही. काढ तुझा रथ हातगाड्यावर. सोमेश तणतणत गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, बरं काका, पण साहेब मग मलाच व्हावं लागणार. मी म्हटलं, हो की. शिकवायला साहेब आहेतच.

मग शिकवणी सुरू झाली. माझी स्टेपनी ड्रमवर उभी करायची, वर टोपी ठेवायची आणि सोमेशनं छडी मारायची. टोपी जागच्या जागी, स्टेपनी गडगडत गटाराला. गौसभाई न चिडता पुन्हा पुन्हा सांगायचे, मनगट सैल सोड, छडी वर धर. दिवसभर हापिसात डोकं पिकवून आलेलं पोरगं, त्याला कुठनं जमणार? पण शेवटी शेवटी बरं यायला लागलं. गौसभाईंचा चेहरा मात्र त्या दिवसांत मी खुललेला बघितला. टोपी भाभींकडनं कडक इस्त्री करून घेतली. आणि भाभींना माझ्यासमोर सांगितलं, "इस साल बिया नहीं लाता मैं." भाभी हसल्या. म्हणाल्या, झाडूला सुट्टी म्हणजे.

बारा तारीख उजाडली. गौसभाई पांढरा पायजमा, पातळ पांढरा सदरा आणि टोपी घालून आले. मी बघतच राहिलो. आम्हाला ह्या माणसाला त्या दिवशी कोटातच बघायची सवय. कोट गेला तर माणूस निम्माच होता. गळ्याची हाडं वर आलेली, हात काठीएवढे. सोमेशला कोट घोळत होता, बाह्या दुमडून घेतल्या होत्या. गौसभाईंनी स्वतःच्या हातानं त्याच्या कोटाची बटणं लावून दिली. ते सवयीनं आपल्या नेहमीच्याच बाजूला उभे राहिले, मी गाडी सुरू केली.

पहिल्या वळणावर पोरांचा घोळका होता. आरशात बघितलं तर सगळी पोरं एकदम टाचा उंचावून बघतायत. मग एकानं बोट दाखवून हाळी दिली, "साहेब आला रे!" आणि बिया सुटल्या. मला वाटलं, सोमेशवर. बरं झालं, पोरांनी सोमेशला साहेब मानला. पण नजरा बघितल्या. पोरं गौसभाईंकडं बघत होती.

त्यांचं तरी काय चुकलं? जन्मल्यापासनं त्यांना साहेब म्हणजे गौसभाई माहीत. ह्या उंचीचा, ह्या घाऱ्या डोळ्यांचा. कोट घातलेला तो कोण, ते त्यांना कळेना. गौसभाईंनी हसून सोमेशकडं बोट केलं, अरे तो, तो. तर पोरांना ती गंमतच वाटली. पुढच्या चौकात बातमी आमच्या आधी पोचली होती. साहेबानं सोंग घेतलंय, टोपी घालून लपतोय, हाणा! पोरांनी हाणलं, पोरांचं बघून मोठ्यांनी. दुकानाच्या पायऱ्यांवर उभी असलेली, पोटं सुटलेली माणसं मोबाइल वर धरून हसत ओरडत होती, "साहेब, चले जाव!"

सोमेशची छडी बसली तशी बसली. कधी टोपीला, कधी कपाळाला. टोपी पडली. आणि मी आरशात लोकांचे चेहरे बघितले. लोक टाळ्या वाजवत होते. टोपी पडल्यावर. मग गौसभाई खाली वाकले असणार, कारण त्यांचा खांदा आरशातनं गेला. लई वेळ वर आला नाही. गुडघे. खांदा पुन्हा दिसला तेव्हा टोपी डोक्यावर चढली असणार, आणि लोक गप्प. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला चेहऱ्यांवरनं उलटं वाचायची वेळ आली.

मी गाडी तिथंच थांबवली. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, वाजू देत. उतरलो आणि पहिल्यांदा तो देखावा समोरनं बघितला. सदऱ्याच्या गळ्यातनं दिसणाऱ्या छातीवर, मानेवर बारीक लाल ठिपके उठले होते. कपाळाला टेंगूळ. सोमेश रडायच्या बेतात, छडी खाली टाकलेली. मी लोकांकडं तोंड करून, आहे नाही तेवढ्या शिव्या दिल्या. म्हटलं, डोळे फुटले काय तुमचे? टोपी दिसंना काय? पुढं काय बोललो ते आठवत नाही. काही हसले. एकदोघं ओशाळली. एकजण म्हणाला, काका, चिडताय कशाला, मजेत चाललंय की, आपलेच साहेब आहेत.

आपलेच. खरं आहे ते. कुणाच्या मनात काही नव्हतं. मी त्या गर्दीतल्या निम्म्या माणसांना नावानं ओळखतो, त्यातला एकही वाईट नाही. काही असतं तर भांडता तरी आलं असतं. पण पांढऱ्या टोपीतल्या त्या म्हाताऱ्या मुसलमान माणसाला भर रस्त्यात हसत हसत चले जाव म्हणताना आपण काय म्हणतोय, हे कुणाच्या कानात शिरलं नाही. माझ्या शिरलं. गौसभाईंच्या शिरलं का, ते मी अजून विचारलेलं नाही.

ते वरनं माझ्याकडं बघत होते. थकलेला आवाज. "अभिमन्यू, गाडी चालव. चौकापातुर जायाचं हाय." मग खाली वाकून, फळीला धरून, त्यांनी टोपी नाही, छडी उचलली आणि सोमेशच्या हातात दिली. म्हणाले, वर धर.

मी गाडी चालवली. दुसरं काय करणार होतो? बाकीचा रस्ता मी आरशात बघितलं नाही.

चौकात नेहमीसारखे हार, नेहमीसारखी भाषणं. माईकवरचा माणूस त्याग आणि बलिदान म्हणत होता आणि त्याच्या पलीकडं कुणाचा तरी डीजे चालू होता. गौसभाई टेम्पोवर उभे होते, टोपी डोक्यावर. तिथं आता कुणी बिया मारत नव्हतं, बिया संपल्या असतील. त्यांनी पुतळ्यांकडं बघून हात जोडले आणि मग मला हात द्यायला सांगितला, उतरायला. सोमेशनं त्यांचे पाय धरले. म्हणाला, चाचा, पुढच्या वर्षी आपण आधी माईकवर सांगू, की टोपीवाला आपला, कोटवाला साहेब. लोकांना कळंल. गौसभाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

मी त्यांना घरी सोडलं. भाभी दारातच होत्या. चहाचं आधण ठेवलेलं, हात रिकामे, झाडू कोपऱ्यात. कपाळाचं टेंगूळ बघून त्यांनी तोंडावर पदर घेतला. गौसभाईंनी सवयीनं दारातच टोपी काढली, सदरा काढला आणि त्यांच्याकडं दिला. भाभींनी तोही सवयीनं झटकला. चार-पाच बिया फरशीवर पडल्या. एक टोपीच्या दुमडीतनं पडली आणि घरंगळत माझ्या पायापाशी आली.

भाभी बियांकडं बघत राहिल्या. "इस साल भी?" म्हणाल्या. रागानं नाही. नुसतंच विचारलं.

गौसभाई ओट्यावर बसले. गुडघे दोन्ही हातांनी दाबले. छातीवरच्या लाल ठिपक्यांवरनं रंगाची ती जुनी बोटं फिरवली, दाबून बघितली, जसं लोक नवं कापड दाबून बघतात. मला वाटलं, आता अब्बांचं काही तरी बोलतील. मी तयारच होतो ऐकायला.

"मला इतकी वर्षं वाटायचं, पोरं काय, बिया काय, कुटं लागतंय," ते म्हणाले. "फुडच्या साली कोटच घालतो, अभिमन्यू. कोटात लागत न्हाईत."